गवताची जमीन गवताला

कुंभकोणमच्या चारी बाजूंना नजर पोचेल तिथवर भाताची खाचरे आहेत. कावेरी आणि अरसलार यांच्या मधोमध वसलेले हे गाव मराठी वाचकाला तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यामुळे माहीत असते; त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली इथल्याच एका मराठी घरात जन्मले. चोळांच्या काळापासून पाटाच्या पाण्याखाली आलेल्या या मुलखात रानटी गवताची कुरणे शोधायला कोणी जाणार नाही. पण कावेरीचा हा त्रिभुज प्रदेश आग्नेयेला जिथे संपतो, कोरोमंडलचा किनारा जिथे काटकोनात वळून पाल्कच्या सामुद्रधुनीकडे जातो, तिथे कोडियक्करै आहे. इंग्रजांनी त्याला पॉइंट कॅलिमेर म्हटले. कुंभकोणमपासून ते हवाई अंतराने नव्वदेक किलोमीटरवर येते. १९३० साली राजाजींनी तिरुचिरापल्लीहून मिठाच्या सत्याग्रहाची पदयात्रा काढली, ती कुंभकोणमवरून शेजारच्या वेदारण्यमला गेली. कल्कींच्या ‘पोन्नियिन सेल्वन’ कादंबरीतली होडी वल्हवणारी पूंगुळली याच कोडियक्करैची. वाळूच्या जुन्या बांधांवर उभे सदाहरित झुडपी जंगल, त्यापलीकडे खाजण आणि मिठागरे, आणि या दोहोंच्या मध्ये आखूड गवताचे सपाट पट्टे, असा तिथला भूभाग. १९६७ साली तिथे अभयारण्य जाहीर झाले ते प्रामुख्याने काळविटासाठी. हिवाळ्यात उतरणाऱ्या लाखो पाणपक्ष्यांमुळे आणि सलीम अलींच्या देखरेखीखाली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने तिथे वर्षानुवर्षे केलेल्या पक्षी-वलयांकनामुळे त्याचे नाव झाले, २००२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत ते दाखलही झाले. काळवीट मात्र या सगळ्यात मागे पडला, आणि त्याच्याबरोबर गवतही.

काळवीट हा पळण्यावर जगणारा प्राणी आहे. झुडपाआड दडून राहणे त्याच्या स्वभावात नाही. शत्रू दुरून दिसला पाहिजे आणि पळायला मोकळे रान हवे. नराचे तर सगळे चालणेबोलणेच उघड्यावरचे. विणीच्या हंगामात तो जमिनीचा एखादा तुकडा आपला म्हणून राखतो, ठरलेल्या जागी पुन्हापुन्हा लेंड्या टाकून आपली हद्द सांगतो, नाक वर करून आणि पिळाची शिंगे पाठीवर टाकून माद्यांसमोरून संथ पावलांनी मिरवतो. हे मिरवणे दुरून दिसायचे तर गवत गुडघ्याच्या खालीच हवे. हरळीसारखी बुटकी, खारट जमिनीलाही पुरून उरणारी गवते आणि लव्हाळा हे त्याचे बारमाही अन्न. म्हणजे काळविटाला नुसती संरक्षित जागा देऊन भागत नाही, तिथे दाट झाडी नसणे ही त्याच्या जगण्याची अट आहे. अभयारण्याचे कुंपण शाबूत, शिकार जवळजवळ बंद, आणि तरीही जनावराला राहायला जागा उरत नाही, असे घडू शकते. कोडियक्करैला तसे घडत आले आहे, आणि त्याचे मोठे कारण एक झाड आहे.

त्या झाडाला आपल्याकडे वेडी बाभूळ किंवा विलायती बाभूळ म्हणतात, तमिळमध्ये सीमै करुवेलम. मूळची ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेची. १८७७ च्या सुमारास मद्रास इलाख्याच्या वनखात्याने तिचे बी बाहेरून मागवले. हेतू वाईट नव्हता: दुष्काळी, उजाड दिसणाऱ्या भागाला सरपण मिळावे, वाळू थांबावी, काहीतरी हिरवे दिसावे. स्वातंत्र्यानंतर देशाच्या अनेक राज्यांनी त्याच हेतूने ती आणखी पसरवली. कच्छच्या बन्नीत रणाची खार थोपवायला १९६० च्या दशकात तिची लागवड झाली आणि आशियातल्या एका मोठ्या गवताळ प्रदेशाचा चेहरा एका पिढीत बदलला. तिचे पसरण्याचे तंत्र जवळून पाहण्यासारखे आहे. शेंग पिवळट, मांसल आणि गोड असते. गुरे, शेळ्या, घोडे, डुकरे आणि खुद्द काळविटेही ती आवडीने खातात. गर पचतो, पण बी चामट कवचात सुखरूप राहते आणि शेणाबरोबर, खतासकट, दूरच्या मोकळ्या जागी पडते. न रुजलेले बी मातीत वर्षानुवर्षे तग धरते. झाड कापले तर जमिनीलगतच्या बुडख्यावरचे डोळे फुटतात आणि एका खोडाच्या जागी दहा काटेरी फांद्या उभ्या राहतात. दाट वाढले की खाली ऊन पोचत नाही. तिच्या पाल्याच्या अर्काने इतर वनस्पतींचे बी रुजायचे थांबते हेही प्रयोगांत दिसले आहे. परिणाम असा की ज्या प्राण्याच्या पोटातून बी पसरले, त्याचेच कुरण ती खाते. कुंभकोणमहून जवळच असलेल्या मयिलादुथुराईच्या ए. व्ही. सी. कॉलेजातले प्राणिशास्त्रज्ञ गेली अनेक वर्षे कोडियक्करैच्या काळविटांचा अभ्यास करत आहेत. बाभळीचे आक्रमण आणि अभयारण्यात मोकाट झालेले घोडे हे दोन प्रश्न त्यांच्या कामात सतत पुढे येतात. घोडा तेच आखूड गवत खातो, आणि एक घोडा कितीतरी काळविटांच्या वाटचे खातो. बाभळीने कुरण आकसले की उरलेल्या गवतावर दोघांची गर्दी होते. दोन संकटे वेगवेगळी दिसली तरी ती एकाच तुकड्यावर येऊन भिडतात.

एवढे स्पष्ट असताना ही बाभूळ इतकी वर्षे राहिली कशी, याचे उत्तर आपल्या मनात आहे. झाड म्हणजे निसर्ग आणि झाड नसलेली जागा म्हणजे उजाड, हे समीकरण शाळेपासून आपल्या अंगवळणी पडलेले असते. इंग्रजांच्या महसुली दप्तरात जी जमीन सारा देत नाही आणि जिच्यावर इमारती लाकूड नाही ती ‘पडीक’ ठरली. तो शिक्का अजून पुसलेला नाही. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात आजही माळरानाचा बराच भाग येतो. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून भारतातल्या निमकोरड्या खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला, तेव्हा त्या देशाच्या भूभागाच्या सुमारे दहा टक्के निघाल्या. त्यातला अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने यांत येणारा हिस्सा पाच टक्क्यांच्या आसपास. जंगलतोडीची बातमी होते. माळ नांगरला, त्यावर वृक्षारोपण झाले किंवा सौर पट्ट्या बसल्या तर ती विकासाची, कधीकधी तर पर्यावरणाचीच बातमी होते. ही चूक धोरणाच्या पातळीवर दुरुस्त झाल्याशिवाय कोडियक्करैसारख्या ठिकाणी केलेले काम टिकणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

यावर पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे. हे माळ मुळात जंगलच होते, माणसाने तोडले, जाळले, गुरे घातली म्हणून ते गवताचे झाले, तेव्हा झाडे लावणे हीच खरी पुनर्स्थापना, असे अनेक जण प्रामाणिकपणे मानतात. काही जागांबाबत ते खरेही आहे. पण सरसकट ते टिकत नाही. शिवालिकच्या थरांमधल्या मातीतील कार्बनच्या समस्थानिकांवरून असे दिसते की उष्ण हवामानातली गवते दक्षिण आशियात साधारण ऐंशी ते साठ लाख वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर पसरली. त्या वेळी इथे कुऱ्हाड चालवणारा माणूस नव्हता. वनस्पतींची साक्षही तीच आहे. आशिष नेर्लेकर आणि सहकाऱ्यांनी केवळ भारतीय सवानात, म्हणजे गवत आणि विरळ झाडे यांच्या प्रदेशात, सापडणाऱ्या आणि जगात इतरत्र नसलेल्या वनस्पतींची मोजदाद केली; त्या दोनशेहून अधिक भरल्या, आणि त्यातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक तर गेल्या दोनच दशकांत विज्ञानाला कळल्या. चार-दोनशे वर्षांपूर्वी तोडलेल्या जंगलाच्या जागी इतक्या खास वनस्पती घडत नाहीत. नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांचे २०२५ मधले काम तर मराठी माणसाने मुद्दाम लक्षात घ्यावे असे आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील प्रदेशाबद्दल जुन्या मराठी ग्रंथांत, आख्यानांत आणि जात्यावरच्या ओव्यांत येणारे रानवनस्पतींचे उल्लेख त्यांनी वेचले. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीपर्यंत मागे जाणाऱ्या या उल्लेखांत घनदाट अरण्यातल्या वनस्पती थोड्याच. बहुसंख्य उघड्या, काटेरी, गवताळ मुलखातल्या. आपल्या संतांनी आणि धनगरांनी पाहिलेला माळ हा माळच होता. वाङ्मयाचा असा उपयोग होऊ शकतो याचे मला फार अप्रूप वाटते, कारण या प्रश्नात मातीत सापडणाऱ्या जुन्या परागकणांइतकाच तो पुरावा बोलका आहे.

दुसरा आक्षेप हवामानाचा. झाडात कार्बन जास्त साठतो. हवेतला कर्बवायू कमी करायची निकड असताना झाडे काढून गवत आणणे हा उलटा कारभार नव्हे काय? भारताने पॅरिस करारात २०३० पर्यंत वनाच्छादन आणि वृक्षाच्छादनातून अडीच ते तीन अब्ज टन कर्बवायूइतकी जादा साठवण करायचे वचन दिले आहे, त्या कराराबाहेर २ कोटी ६० लाख हेक्टर जमीन पुन्हा सुधारण्याचेही दिले आहे. ही आकडेवारी गाठायची तर अधिकाऱ्याच्या नजरेला सर्वांत सोपी जागा मोकळा माळच दिसणार. म्हणून या आक्षेपाचे उत्तर नीट द्यायला हवे. पृथ्वीच्या जमिनीवरील परिसंस्थांत साठलेल्या एकूण कार्बनपैकी साधारण एक तृतीयांश गवताळ प्रदेशांत आहे, आणि त्यातला बहुतेक जमिनीच्या पोटात. बहुवर्षायू गवताचा ठोंब वर वीतभर दिसतो, खाली मात्र त्याच्या तंतुमुळांचे जाळे हातभर आणि त्याहून खोल गेलेले असते. दरवर्षी त्यातली काही मुळे मरतात, कुजतात, त्यांचा अंश मातीच्या कणांना चिकटून राहतो, नवी मुळे येतात. कोरड्या, वणवे लागणाऱ्या, वादळवाऱ्याच्या मुलखात हा फरक निर्णायक ठरतो. झाडातला कार्बन उघड्यावर रचलेल्या कडब्याच्या गंजीसारखा, एका ठिणगीत जाणारा. गवत जळाले तर पात्यांतला जातो, मातीतला बव्हंशी राहतो आणि पाऊस पडताच पाती पुन्हा फुटतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रतिमानांच्या आधारे हेच मांडले: तापमान आणि दुष्काळ वाढत गेले तर त्या राज्यात जंगलांपेक्षा गवताळ जमीन हे कार्बनचे अधिक भरवशाचे कोठार ठरेल. कोडियक्करैला वणव्यापेक्षा वादळाची भीती मोठी. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे ‘गज’ हे चक्रीवादळ वेदारण्यमजवळच जमिनीवर आले, तेव्हा या पट्ट्यातली झाडे, बागा आणि जनावरे यांची किती हानी झाली ते तिथल्या लोकांनी पाहिले. अशा किनाऱ्यावर साठवणीचा सगळा हिशेब उभ्या लाकडावर बांधणे शहाणपणाचे नाही.

पण इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. गवतावर झाडी आली की मातीतला कार्बन नेहमी घटतोच, असे नाही. रॉबर्ट जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उलटसुलट चित्र होते: जास्त पावसाच्या जागी झुडपी आक्रमणानंतर मातीतला कार्बन घटला, इतका की वर वाढलेल्या लाकडातली भर त्यात जिरून गेली, कोरड्या जागी मात्र मातीतला कार्बन वाढला. म्हणजे एखाद्या रुक्ष माळावर वेडी बाभूळ वाढू दिली तर काही दशके कार्बनचा आकडा चांगला दिसू शकतो. हे मान्य करून मी म्हणतो की त्या एका आकड्यासाठी माळ देऊ नये. झाडीचा गडद रंग गवतापेक्षा जास्त ऊन शोषतो, त्यामुळे कार्बनच्या हिशेबातला थोडा लाभ उष्णतेच्या हिशेबात परत जातो. खोल मुळांचे सदाहरित झाड उन्हाळ्यातही पाणी उपसत राहते, ज्या काळात गवत वाळून स्वस्थ असते. आणि हवामानाच्या नावाने वाढवलेल्या आकड्यांची सवय किती घातक असते ते २०१९ मध्ये दिसले. जगभरात झाडे लावून २०५ अब्ज टन कार्बन साठवता येईल असा दावा ‘सायन्स’मधल्या एका निबंधाने केला, जोसेफ वेल्डमन आणि अनेक देशांतल्या परिसंस्था-अभ्यासकांनी त्याला उत्तर देताना दाखवले की हा अंदाज साधारण पाचपट फुगलेला आहे, आणि त्यातली मोठी चूक म्हणजे सवाना आणि कुरणांना झाडांसाठी रिकामी जागा समजणे. कोळसा आणि तेल जाळणे कमी करायला पर्याय म्हणून माळावर रोपे लावली, तर धूर तसाच राहतो आणि माळही जातो.

झाडे काढायची म्हणजे नेमके काय करायचे, हे समजून घेतल्याशिवाय पुनर्स्थापना हा शब्द पोकळ राहतो. तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये आक्रमक वनस्पती आणि परिसंस्था-पुनर्स्थापना यांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. वेड्या बाभळीच्या प्रश्नावर मद्रास उच्च न्यायालयाने सरकारला वारंवार विचारणा केली आहे. या झाडाविरुद्धच्या लोकमताला एक अतिरंजित बाजूही आहे. ही बाभूळ हवेतला ओलावा शोषून पाऊसच पळवते, असे ठासून सांगितले जाते. त्याला शास्त्रीय आधार नाही आणि खऱ्या मुद्द्याला अशा गोष्टींनी बळ येत नाही, उलट तो कमकुवत होतो. खरा मुद्दा असा आहे की नुसती तोडणी वाया जाते. बुडखा मातीखालच्या डोळ्यांसकट खणून काढावा लागतो. मोठी यंत्रे हे झटपट करतात, पण ती गवताची वरची मातीही उलथतात आणि उलथलेल्या मातीत पहिली रुजते ती बाभूळच. म्हणून दाट रान असेल तिथे यंत्र, आणि गवत अजून जिवंत असलेल्या कडेला हाताने कुदळ, असा भेद करावा लागतो. कोडियक्करैला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. तो पडून गेला की मातीतले जुने बी एकदम उगवते. त्या आठवड्यांत माती ओली असताना बोटभर रोप हाताने मुळासकट उपटता येते. एक पावसाळा चुकला की तेच काम कुदळीचे होते, दोन चुकले की पुन्हा यंत्राचे. आणि ही उपटणी एका हंगामात संपत नाही, मातीतला बियांचा साठा सरेपर्यंत ती दरवर्षी करावी लागते. कुठे हात लावायचा नाही तेही ठरवावे लागते. वाळूच्या बांधांवरचे खिरणीचे, म्हणजे तमिळ ‘पालै’चे, सदाहरित जंगल हे इथले मूळचे आहे. काळविटासाठी मोकळे रान वाढवायचे म्हणून त्याला धक्का लावणे म्हणजे जुनीच चूक उलट्या बाजूने करणे होईल.

याच तमिळनाडूतल्या पळणीच्या डोंगरांनी शिकवलेला धडा इथे उपयोगी आहे. कोडाईकनालच्या आसपासची शोला जंगले घळींत आणि त्यांच्या वरचे माथे गवताचे, अशी तिथली मूळ रचना. त्या गवतावर निलगिरी, पाइन आणि वॉटल या परक्या झाडांची लागवड झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-अभ्यासानुसार साधारण चार दशकांत तिथले दोन तृतीयांश गवत नाहीसे झाले. वट्टकनाल कॉन्झर्वेशन ट्रस्टने तिथे २००१ पासून स्थानिक झाडे आणि गवते परत आणण्याचे काम केले, आणि कामाच्या ओघात एक अनपेक्षित गोष्ट लक्षात आली: जुन्या वॉटलच्या सावलीत शोलाची रोपे आपोआप येत होती, आणि वॉटल सरसकट कापले की मातीत दडलेले वॉटलचेच बी हजारोंनी उगवत होते. त्यामुळे काही ठिकाणी वॉटल राखून शोलाला वाढू देणे बरे, आणि जिथे गवताचे तुकडे अजून तग धरून आहेत तिथे आक्रमण रोखण्यावर सगळा जोर लावणे बरे, असा विवेक करावा लागतो. याला आणखी एक कारण आहे. नेर्लेकर आणि वेल्डमन यांनी २०२० मध्ये सहा खंडांतल्या अभ्यासांचा धांडोळा घेतला, तेव्हा असे निघाले की एकदा पूर्ण मोडलेल्या कुरणाला जुनी वनस्पतिविविधता परत मिळवायला किमान शंभर वर्षे, आणि बहुतेकदा त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. जो तुकडा उरला आहे तो आधी वाचवायचा, मोडलेल्याकडे नंतर वळायचे, हा क्रम त्यातून ठरतो. पुनर्स्थापना होऊ शकते म्हणून आधीचे मोडायला हरकत नाही, असा अर्थ कोणी काढत असेल तर तो या अभ्यासाच्या अगदी विरुद्ध आहे.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो सर्वांत जास्त ऐकून घ्यावा असा आहे. रामनाथपुरम, विरुधुनगर या कोरड्या जिल्ह्यांत वेड्या बाभळीच्या कोळशावर हजारो कुटुंबांची चूल पेटते. डेल्टाच्या कडेच्या गावांतही सरपण तेच. न्यायालयाच्या एका आदेशाने ती राज्यभर उपटायची म्हटले तर आधी भरडली जातील ती ही माणसे. म्हणून अभयारण्ये, पाणथळी आणि जिवंत कुरणे आधी मोकळी करावीत, आणि जिथे ती आता लोकांच्या जगण्याचा भाग झाली आहे तिथे तिच्याशी वेगळा व्यवहार ठेवावा, हेच मला न्याय्य वाटते. काढणीचे, कोळशाचे आणि नंतरच्या वार्षिक उपटणीचे काम त्याच गावांतल्या लोकांकडे दिले तर त्यांचे नुकसानही भरून निघते. चराईबाबतही असेच. कुरण वाचवायचे म्हणजे गुरे हाकलायची, असे समजणाऱ्यांनी भरतपूरचे उदाहरण पाहावे. १९८२ मध्ये तिथल्या केवलादेव उद्यानात चराई बंद झाली, आणि नंतर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात दिसले की म्हशींनी खाऊन ताब्यात ठेवलेले गवत बेसुमार माजून पाणथळीचा श्वास कोंडत होता. गवत हे खाल्ले जाण्यासाठीच घडलेले आहे. त्याचा कोंब जमिनीलगत असतो, वरचे पाते गेले तरी तो फुटतो. किती जनावरे, कोणत्या महिन्यात आणि किती दिवस विसावा, हे प्रश्न आहेत. मोकाट घोड्यांना मात्र हे लागू नाही, कारण त्यांना कोणी हाकत नाही आणि हलवत नाही.

महाराष्ट्राने यातले जवळजवळ सगळे अनुभव घेतले आहेत, चुकांसकट. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झाले. कागदावर त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे त्यात तालुकेच्या तालुके आले. शेतकऱ्यांना त्याचा जाच झाला, आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. या सगळ्या काळात प्रत्यक्ष गवत राखलेले तुकडे थोडेच होते. राज्यभर माळांवर गिरिपुष्पासारख्या परक्या झाडांची लागवड होत राहिली. आज देशभरात मिळून रानात माळढोक दीडशेच्या आत उरले आहेत, आणि महाराष्ट्रात तो दिसणे हीच बातमी असते. पण ज्या तुकड्यांवर पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी ही गवते राहिली, तिथे बाकीचा संसार टिकला. कर्जतजवळच्या रेहेकुरीत आणि सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात काळवीट आणि चिंकारा आहेत. इंदापूरच्या कडबनवाडीत लांडगा, खोकड, धाविक, हिवाळ्यात भोवत्या ससाणे. पुणे वनविभागाने अलीकडे कडबनवाडी आणि बारामतीच्या गाडीखेल इथे माळरान सफारी सुरू केली. वाघाव्यतिरिक्त काही पाहायला लोक पैसे मोजून माळावर येतात, ही सरकारी यंत्रणेला पटलेली गोष्ट माझ्या मते एखाद्या परिपत्रकापेक्षा जास्त कामाची आहे. लांडग्याचे इथे धनगरांच्या वाड्यांभोवतीच पिढ्यान्‌पिढ्या चालले आहे; मेंढ्या उठल्या आणि माळावर प्लॉट पडले तर लांडगाही जाईल.

सध्या सर्वांत मोठी अडचण पैशाच्या आणि मोजमापाच्या पद्धतीत आहे. वृक्षारोपणाची योजना रोपांच्या संख्येवर चालते. किती लावली, किती जगली, छायाचित्र जोडा. गवताच्या कामात पहिल्या वर्षी यंत्राचे बिल दिसते, पुढची वर्षे फक्त मजुरी दिसते आणि छायाचित्रात दाखवायला काही नसते. जंगल गेल्याची भरपाई म्हणून जमणारा निधीही मुख्यतः झाडांवरच जातो. बाजारात परदेशी चाऱ्याचे बी पोत्याने मिळते, पण स्थानिक रानगवताचे बी मिळत नाही. ते राखलेल्या तुकड्यांतूनच, पिकल्यावर कापलेले गवत नव्या जागेवर अंथरून किंवा ठोंब फोडून न्यावे लागते, आणि त्यासाठी असे राखीव तुकडे गावोगाव असावे लागतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने तमिळनाडूने आणि महाराष्ट्राने एक गोष्ट केली तरी पुरे: बाभूळ काढलेल्या प्रत्येक हेक्टरसाठी पुढच्या पाच ईशान्य किंवा नैर्ऋत्य पावसाळ्यांनंतरच्या उपटणीची मजुरी पहिल्याच अंदाजपत्रकात बांधून ठेवायची, आणि काम झाले की नाही हे मोजताना रोपे न मोजता गवताखाली आलेली जमीन आणि तिच्यावर चरणारी काळविटे मोजायची.